मुठीतली पिन

पातं बदलताना अचानक चालू झालेल्या, लाकूड कोरणाऱ्या राऊटरनं माझं अर्धं बोट नेलं, तेव्हापासून सणसरच्या आमच्या शेडात विजेच्या पिनेचा कारभार बायकोकडं गेला. बिट, म्हणजे ते पातं, बदलायचं झालं की मी “काढ गं” म्हणायचो. ती बोर्डातून पिन उपसून सांगायची, “मुठीत हाय, बदला.” चौदा वर्षं मी पिनेला हात लावला नाही, भांडण असलं तरी तेवढं ती बोलायचीच. परवा तिचं तेरावं झालं. आज फळी क्लॅम्पनं आवळली, चष्मा लावला, सवयीनं “काढ गं” म्हणालो. तिचं उत्तर कानात होतंच. बिट बदललं, पान्यानं नट आवळला. “लाव गं.” वळून पाहिलं तर तिनं शेवटची लावलेली पिन बोर्डातच, लाल दिवा चालू. पिन उपसली, घट्ट धरली. “मुठीत हाय,” मीच म्हणालो. नट तपासायचा होता; त्याला दोन हात लागतात. मूठ उघडेना.