आठव्या आठवड्याचा नमुना

चुका काढण्यात प्राध्यापकबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. वर्गात दाखवायला मागवलेले माणसाच्या गर्भाचे प्लास्टरचे नमुने तपासायला त्या स्वतः कारखान्यात येऊन थडकल्या. कारागीर साचे धूत होता, त्याची बायको रंगाचा शेवटचा हात फिरवत होती. बाईंनी पाचव्या आठवड्याचा मुठीएवढा नमुना उचलला. शेपटीचा बाक बिनचूक. सहाव्याच्या डोळ्याचा काळा ठिपका अगदी जागच्या जागी. सातव्याची बोटं नुकती सुटायला लागलेली. नाव ठेवायला जागाच नाही!

"आणि आठव्याचं घोडं कुठे पेंड खातंय?"

"तो पुस्तकात बघून करावा लागेल, बाई," कारागीर मान खाली घालून म्हणाला.

"म्हणजे हे काय मनानेच केलेत?" बाईंना हसू आलं.

बायकोने ब्रश खाली ठेवला आणि खिडकीतलं भिंग उचलून फडक्याने पुसलं.

"हे खरे समोर ठेवून केलेत," ती म्हणाली. "आठव्यापर्यंत आमचं एकही टिकलं नाही."