चूक अंकिताची

रोबॉट जागचा हलेना. अंकिताने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मग हातानेच चाक फिरवून पाहिलं. मिरजेच्या त्या कॉलेजच्या हॉलमध्ये बाकीच्या शाळांचे रोबॉट काळ्या रेघेवरून मुकाट धावत होते आणि कुंडल गावच्या शाळेचा तेवढा रुसून बसला होता. परीक्षक घड्याळ बघत उभे. संयोगिता मॅडमनी झाकण उघडलं. सर्किट बोर्ड चिकट, ओला होता. कडेला हळद-कुंकवाचा लगदा साचला होता.

सकाळी शाळेच्या फाटकात जीप उभी असताना अंकिताची आज्जी शालूबाई ताट घेऊन आली होती. नवा ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटार, नारळ फोडल्याशिवाय कुंडलात काही सुरू होत नाही. मग नातीचं यंत्र तसंच कसं जाईल? तिने हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ओतावं तसं सगळं पाणी मायेने रोबॉटवर ओतलं. 'आज्जी, नको' एवढंच म्हणायचं होतं. मॅडमना ते म्हणवलं नाही. विज्ञान शिकवणारी बाई, पण ऐन वेळी भीड आडवी आली. कापडाने पुसला, वरून कोरडा दिसला, आणि सगळे जीपमध्ये बसले.

म्हातारीची भीड पडावी असंच होतं. मॅडमनी शाळेत रोबॉटचा संघ काढला तेव्हा हौसेने आलेली मुलं एकेक करून गळाली. कुणी भरतीसाठी पळायला लागलं, कुणी सांगलीच्या क्लासला गेलं. उरली अंकिता आणि तिच्यामागे हिंडणाऱ्या नववीतल्या दोघी. अंकिताचा बाप फौजेत. दहावी झाली की शिक्षण बस झालं, असं त्याने फोनवरूनच ठरवून टाकलं होतं. त्याच्याशी भांडली ती शालूबाई. 'पोरीला यंत्रातलं कळतंय, ती डिप्लोमाला जानार,' असं तिने लेकाला ठणकावलं आणि लेकानेही आईपुढे मान तुकवली. आज ते कौतुक डोळ्यांनी बघायला ती ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती.

"काय झालं? जोडणी कुणी केली?" परीक्षकांनी विचारलं.

मॅडम तोंड उघडणार, एवढ्यात टेबलाखाली अंकिताने त्यांचा पाय जोरात दाबला.

"मी केली, सर. वायर उलटी जोडली. माझ्यामुळं जळालं सगळं." ती मुद्दाम मोठ्याने बोलली, पहिल्या रांगेला ऐकू जाईल असं.

"एवढं साधं तरी यायला हवं," असं म्हणून परीक्षक पुढच्या टेबलाकडे गेले. झोपेतसुद्धा उलटी वायर जोडणारी ती पोर नव्हती. मॅडमना भर हॉलमध्ये रडू कोसळायचं तेवढं बाकी राहिलं.

परतीच्या वाटेवर जीप तासगावच्या पुढे आली. शालूबाई पदराने तोंड पुसून म्हणाली, "बाई, तुमी लय राबलासा. पन पोरीला त्यातलं कळतच न्हाई, त्याला तुमी तरी काय करनार? तिच्या बापाला फोन लावते आज. डिप्लोमाचं ऱ्हाऊ दे म्हनते. उगंच भांडले मी त्याच्यासंगं."

 मॅडमना सकाळची भीड आता परवडणारी नव्हती. एका वाक्याचं तर काम होतं.

"आज्जी, खरं सांगू का, तो रोबॉट..."

"मॅडम." अंकिताने त्यांना मध्येच तोडलं. आज्जीचा हात तिने आपल्या मांडीवर घेतला होता. "आज्जी बरोबर बोलती. मला न्हाई जमत त्यातलं."