आडनाव काय?

अप्पांच्या मांडीत बसवलेल्या कृत्रिम रक्तवाहिनीत जंतूंनी ठाण मांडलं होतं. अँटिबायोटिक्स केव्हाच निकामी झाली होती; आता जंतूवर त्याला खाणारे विषाणू सोडत. ते बर्फाच्या डब्यात येऊनही पडले होते. डॉक्टर वसुधा फक्त अप्पांच्या मुलाच्या, श्रीरंगच्या होकारासाठी थांबल्या होत्या.

“पण हे विषाणू आणले कुठून?” श्रीरंगने विचारलं.

“गटारं साफ करणाऱ्या एका कामगाराच्या अंगावर सापडले. त्याने आनंदाने दिले.”

श्रीरंगचं तोंड वाकडं झालं. “त्याचं आडनाव काय?”

वसुधांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जंतूची सात पिढ्यांची कुंडली क्षणात मांडणारी यंत्रं आली, पण हा प्रश्न काही मेला नाही. बाप मरणाच्या दारात, आणि हा सोयरीक जुळवायला बसलाय!

“दात्याचं नाव आम्हालाही कळत नाही,” त्या म्हणाल्या. “जंतू कोणाच्या अंगावरून आला, ते मात्र यंत्र सांगतं. अप्पांची पट्टी घरी कोण बदलत होतं?”

“मीच. नर्स कोण कुठली, तिला हात लावू दिला नाही मी.”

“काल घरातल्या सगळ्यांच्या नाकातले नमुने घेतले होते ना? अप्पांना पोखरणारा जंतू तुमच्या नाकातला आहे, श्रीरंग. आडनाव तुमचंच.”