आवाज आलेला कॉम्प्युटर

आमच्या भाऊजींच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, आणि त्याचं साउंड कार्ड काही केल्या दाद देईना. सेटिंग बदलून बदलून भाऊजींच्या डोक्यावरचे उरलेसुरले केसही गेले, तेव्हा कुठे एका दुपारी 'टुंग' असा आवाज आला. त्या दिवसापासून त्यांनी कॉम्प्युटर बंद म्हणून केला नाही. बंद करून चालू केला की कार्ड सगळं विसरतं म्हणे.

पुढे घर बदलायची वेळ आली. सामान ट्रकमधून गेलं. कॉम्प्युटर मात्र चालूच, वीज गेल्यावर चालवणाऱ्या यूपीएसच्या बॅटरीसकट, भाऊजींच्या मांडीवर बसून टॅक्सीतून निघाला. "जरा हळू घ्या हो, आत्ताच कुठे सावरलंय," असं ते इतक्या काकुळतीने सांगत होते, की ड्रायव्हरने गाडी थेट हॉस्पिटलच्या दारात नेऊन उभी केली.

नव्या घरी पोचेपर्यंत बॅटरी आचके द्यायला लागली होती. भाऊजींनी चपलाही न काढता प्लग लावला, पडद्यावरचा बाण हलवून पाहिला आणि घाम पुसला.

"वाचलं बाबा!"

"मग होऊन जाऊ दे एखादं गाणं," मी म्हणालो.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" माऊस छातीशी धरून भाऊजी ओरडले. "गाणं लावलं आणि सेटिंग बिघडलं म्हणजे? त्या दुपारनंतर मी एकदाही काही वाजवलेलं नाही!"

ताईने मागून मला सणसणीत चिमटा काढला. कॉम्प्युटरचे स्पीकर तिने केव्हाच गुपचूप मला देऊन टाकले होते.