शेवटचा शब्द मालकांचा

"आईसाठी कशाला थांबायचं? घंटा तुम्ही ऐकणार की आई?"

लेक हातोडा घेऊन बाबांच्या समोरच उभी होती. मागे लाकडी चौकटीला काशाची नवी घंटा टांगलेली, तिच्या कमरेएवढी. साचा तिने भरला होता, रसही तिनेच ओतला होता. ही घंटा पास झाली तर ओतशाळा तिची. नाहीतर काकांच्या मुलाची. बाबांनी काकांना तसा शब्द दिला होता.

"येऊ दे की तिला," बाबा म्हणाले. "घाई काय आहे?"

"घाई मला आहे, दादा," काका म्हणाले. "दिवसभर इथे खांबासारखा उभा राहू का?"

कारागीर एकमेकांकडे बघून हसले. मालकीणबाई दारात उभ्या नसतील तर घंटा पास होत नाही, त्यांचा पायगुणच तसा, ही त्यांची जुनी थट्टा. मालकीणबाई आज आजारी शेजारणीकडे अडकल्या होत्या.

"बरं, घाल टोल," बाबा शेवटी म्हणाले.

तिने घातला. बाबांनी नेहमीप्रमाणे घंटेवर तळहात टेकला आणि सगळ्यांच्या तोंडांवरून नजर फिरवली. कारागिरांनी माना खाली घातल्या. काकांनी तोंड वाकडं केलं.

"फोडा," बाबा म्हणाले.

मालकांनी नाकारलेली घंटा ज्याने ओतली त्यानेच फोडायची, असा घरचा नियम. कारण विचारायचं नाही.

काकांनी घण पुढे सरकवला. "घे, चिमे. ओतकाम म्हणजे भातुकली नव्हे."

"माहीत आहे. रडीचा डाव भातुकलीत शोभतो." तिने घण पायाने बाजूला लोटला. "मी फोडणार नाही."

बाबा पाठ फिरवून दाराकडे निघालेसुद्धा. पाठीमागून बोलणाऱ्याला ते कधीच उत्तर देत नसत; हा त्यांचा ताठा साऱ्या ओतशाळेला ठाऊक होता. ती धावत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मी फोडणार नाही, बाबा. काय चुकलं ते सांगा. सूर चढलाय? उतरलाय? नाद लवकर मिटतोय?"

बाबांनी नजर चुकवली. "मालकाला कारण विचारत नाहीत."

"मग विचारणारी मी पहिली. मुलगी म्हणून नको असेन, तर तसं तोंडावर सांगा. बिचाऱ्या घंटेवर कशाला ढकलता?"

"चिमे, जीभ आवर!" काका गरजले.

"तुमच्या लेकाला आहे ना जीभ, काका? मग तो का नाही आला बोलायला? भट्टीची धग लागते म्हणून?"

एक कारागीर फिसकन हसला आणि ते हसू त्याने खोकल्यावर नेलं.

बाबांचा चेहरा उतरला. "शब्द दिला तो दिला. फोड," एवढंच म्हणून ते तिला वळसा घालून पुढे गेले. दारात आई नुकतीच येऊन चपला काढत होती.

"हिचा आवाज आधी सगळ्या गल्लीला ऐकू दे," लेक ओरडली. "मग मला फोडा, हिला नाही!"

तिने दोन्ही हातांनी हातोडा उचलला आणि अंगातलं सगळं बळ लावून टोल हाणला.

काकांनी कान झाकले. छपरावरची कबुतरं भुर्रकन उडाली. समोरच्या दुकानातली माणसं रस्त्यावर आली. बाबा दाराकडे चालत होते तसेच चालत राहिले.

आई दारात डोळे मिटून उभी होती. नाद पार विरून जाईपर्यंत तिने ते उघडले नाहीत. मग तिने नवऱ्याकडे बघून सावकाश मान डोलावली.

बाबा थबकले.

"पास!" ते तिथूनच मोठ्याने ओरडले, आणि आईजवळ जाऊन हळूच म्हणाले, "केव्हा वाजवली गं तिने?"