गच्चीवरची शेड

लघुउद्योग हा देशाचा कणा असतो. आमच्या गल्लीत तो द्वारकाबाईंच्या गच्चीवर, जुन्या साडीवर, कुरडया होऊन वाळत पडलेला असे.

परवान्याशिवाय दुकानदार माल घेईनात, तेव्हा बाईंनी अर्ज केला. तपासनीस आले. “खाद्यपदार्थ उघड्यावर? छे! वर छप्पर हवं, चारी बाजू बंद हव्यात.” बाईंनी नवऱ्याची स्कूटर विकून गच्चीवर पत्र्याची शेड बांधली.

साहेब पुन्हा आले आणि पत्र्यावर टिचकी मारून खूश झाले. “आता कसं! धूळ नाही, कावळा नाही.”

“ऊनही नाही, साहेब. कुरडया वाळायच्या कशा?”

साहेबांनी नियमावली चाळली. “ऊन आमच्या खात्याकडे येत नाही, मावशी.”

परवाना सोमवारी मिळाला. बुधवारी कुरडयांना बुरशी आली.