सपाट आवाज

"चारशे झ्वोटींत टेबलावरचा माइक आणि हेडफोन, दोन्ही बसवा," विटोल्डसाहेब म्हणाले, आणि माझ्या पोझ्नानच्या दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. बघणारच. आमच्या पोलंडमध्ये टीव्हीवर परदेशी सिनेमा लागला की नायक, नायिका, खलनायक, सगळ्यांचे संवाद वर्षानुवर्षं हाच एक माणूस मूळ आवाजांवर सपाट सुरात वाचत आलेला. आता निवृत्त झाल्यावर घरबसल्या पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम त्यांना मिळालं होतं.

हेडफोन त्यांच्या बायकोने, लुत्सिनाबाईंनी, कानाला लावला. साहेब माइकसमोर बसून खोक्यावरच्या सूचना वाचू लागले.

"नको. दुसरा दाखवा," बाई म्हणाल्या.

महागडा झाला, मधला झाला, बाईंना एकही पसंत पडेना. शेवटी मी सगळ्यात स्वस्त माइक पुढे केला. तोवर खोक्यावरचा मजकूर संपला होता.

"आता काय वाचू?" साहेबांनी विचारलं.

"टीव्हीवर रोज म्हणायचास आणि घरी कधीच नाही, ते."

"अगं, तेव्हा समोर कागद असायचा."

"आता मी आहे."

साहेबांनी घसा साफ केला. खलनायकाची धमकी वाचावी त्याच सुरात म्हणाले, "लुत्सिना, माझं तुझ्यावर प्रेम आहे."



"हा बांधून द्या," बाई हेडफोन न काढताच मला म्हणाल्या. मी खोकं उचललं, तसा त्यांनी हात आडवा घातला.

"थांबा जरा. हा उजवा कान झाला. डावा तपासायचा राहिलाय."